बंद पडलेल्या एल्डहूसमधली बिअर

पश्चिम नॉर्वेतल्या वॉस परिसरात जुन्या शेतांवर राहत्या घरापासून थोडी दूर एक वेगळी बसकी इमारत असते, तिला एल्डहूस म्हणतात. मध्ये मोठी चूल, खाली दगडी फरशी, वर धूर जाण्यासाठी धुराडे, आणि भिंतींना पिढ्यानपिढ्यांची काजळी. लाकडी घरांच्या वस्तीत आगीचे काम राहत्या घरात करणे धोक्याचे, म्हणून कपडे उकळणे, फ्लाटब्रॉड नावाच्या पातळ टिकाऊ भाकऱ्या वर्षभरासाठी भाजून ठेवणे आणि नाताळाची बिअर करणे ही सगळी कामे तिथेच होत. बर्गनमधील माझ्या एका सहकाऱ्याला वडिलांकडून जे शेत मिळाले, त्यावरच्या एल्डहूसमध्ये कित्येक दशकांत बिअर झालेली नव्हती. तिथे बर्फ ढकलायचे यंत्र, मोडक्या स्की आणि मेंढ्यांच्या कुंपणाची तार ठेवलेली होती. ती इमारत पुन्हा कामाला लावायची असे त्याने ठरवले तेव्हा मी मदतीला गेलो. मी साताऱ्याकडचा, शिक्षणाने रसायन अभियंता, आणि पाणी शुद्धीकरणाच्या क्षेत्रात काम करणारा. त्यामुळे टाक्या, तापमान आणि सूक्ष्मजीव यांच्याशी माझा रोजचा संबंध असला, तरी शेतावरची बिअर हा विषय मला सर्वस्वी नवा होता.

या भागात बिअर करणे ही हौस कधीच नव्हती. गुलातिंग या मध्ययुगीन नॉर्वेजियन सभेच्या कायद्यात शेतकऱ्याने सणासाठी बिअर करणे हे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. ते चुकवणाऱ्याला दंड होई, आणि सलग तीन वर्षे चुकवणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद होती. ज्या गुलेनमध्ये ही सभा भरत असे, ते वॉसहून फार लांब नाही. इतकी खोल रुजलेली गोष्ट बंद का पडली, याचे एकच एक कारण सांगता येत नाही. बर्गन ते वॉस हा लोहमार्ग 1883 साली सुरू झाला, बाहेरचे स्वस्त धान्य येऊ लागले, शेतकरी हळूहळू जव सोडून गवत आणि गुरांकडे वळले. त्याच 1883 साली कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी यीस्टच्या एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट बिअर करण्यासाठी वापरले, आणि कारखान्यातल्या बिअरला दरवेळी तीच चव देणे शक्य झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, परंतु शेतावरच्या बिअरच्या पायाखालची जमीन दोन्ही बाजूंनी एकाच काळात सरकू लागली, असे मला त्या तारखा शेजारी ठेवल्यावर वाटले. पुढे दुकानातून बेकरीचे यीस्ट मिळू लागले, बाटलीबंद बिअर मिळू लागली, मुले शहरात गेली. वॉसमध्ये मात्र काही कुटुंबांनी बिअर करणे कधीच सोडले नाही, आणि आमचे काम शक्य झाले ते केवळ त्यांच्यामुळे.

सुरुवातीला प्रश्न आला तो कृती कोणती धरायची, हा. सहकाऱ्याच्या घरी लिहून ठेवलेले काही नव्हते. जे काम डोळ्यांनी पाहून आणि हाताने करून शिकायचे, ते कोणी लिहून ठेवत नाही. 1950 च्या दशकात नॉर्वेतील लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी गावोगावी प्रश्नावल्या पाठवून घरगुती बिअरची माहिती गोळा केली होती, त्यातून पद्धतींचा ढोबळ नकाशा मिळतो. आणि अलीकडच्या काळात शेतावरच्या बिअरचे अभ्यासक लार्श मारियुस गार्शोल यांनी शेताशेतांवर जाऊन जिवंत परंपरेच्या ज्या तपशीलवार नोंदी केल्या आहेत, त्यांच्याविना माझ्यासारख्या परक्याला काहीच समजले नसते. पण खरा आधार होता शेजारच्या शेतावरील एका वयोवृद्ध गृहस्थांचा. ते स्वतः अजून दरवर्षी बिअर करतात, आणि लहानपणी या एल्डहूसमध्येही त्यांनी ती होताना पाहिली होती. त्यांना एखाद्या तापमानाचा आकडा विचारला की ते हात हलवून दाखवत. अमुक वेळी पाण्याच्या वाफेत आपला चेहरा दिसेनासा होतो, अमुक वेळी बोट बुडवून ठेवता येते, अशा खुणा ते सांगत. मी त्या खुणांच्या शेजारी वहीत अंश सेल्सियस लिहीत गेलो.

आम्ही ठरवले ते असे, की जे टिकून आहे ते जसेच्या तसे घ्यायचे, जे हरवले आहे त्याची नाटकी नक्कल करायची नाही. थर्मामीटर वापरायचा. स्टीलची बादली वापरायची. मात्र आग लाकडाची, हंडा तांब्याचा, गाळण जुनिपर या सुयांसारख्या पानांच्या सदाहरित झुडपाच्या फांद्यांचे आणि यीस्ट इथलेच, या चार गोष्टींवर तडजोड नाही. ऐतिहासिक पोशाख घालून फोटो काढण्याची सूचना एका हितचिंतकाने केली होती, ती आम्ही विनयपूर्वक नाकारली.

इमारतीच्या कामात बराच काळ गेला, पण त्याबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. धुराड्याची नगरपालिकेच्या धुराडे-निरीक्षकाकडून तपासणी झाली, वरच्या बाजूच्या सांध्यांमध्ये नवा चुना भरला, चुलीचे दोन दगड बदलले. हंड्याचे काम मात्र नाजूक निघाले. सुमारे दोनशे लिटरचा, ठोकून घडवलेला हा तांब्याचा हंडा गोठ्याच्या मागे पालथा पडलेला होता. आतून तो हिरव्या थराने भरलेला होता. तो थर विषारी असतो, म्हणून व्हिनेगर आणि मिठाने घासून, धुऊन, पुन्हा घासून तो पूर्ण काढावा लागला. एका बाजूला पूर्वी कधीतरी डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, दुरुस्ती केलेली दिसत होती. जुन्या डागकामात शिसे असण्याची शक्यता असते, आणि आंबट, उकळत्या द्रवात ते उतरणे कोणालाही परवडणारे नाही. चाचणीत शिसे निघाले. नॉर्वेत तांबट शोधणे म्हणजे पुण्याच्या तांबट आळीत जाऊन उभे राहण्याइतके सोपे नाही, परंतु अखेर एक कारागीर मिळाला, त्याने जुना डाग संपूर्ण काढून तिथे तांब्याचेच ठिगळ रिव्हेटने बसवले आणि शिसेविरहित डागाने सांधा बंद केला.

लाकडी पिंपांचे शास्त्र याच्या उलट आहे. तिथे दुरुस्तीपेक्षा धीर लागतो. वर्षानुवर्षे कोरड्या पडलेल्या पिंपाच्या फळ्या आक्रसतात, पट्ट्या सैल होतात आणि पाणी ओतले की ते सगळीकडून वाहून जाते. फळ्यांच्या फटींत काही भरायचे नसते. पट्ट्या ठोकून खाली सरकवायच्या आणि पाणी ओतत राहायचे, म्हणजे लाकूड फुगून आपोआप मिटते. गळतीची धार बारीक होत होत थेंबांवर आली आणि मग थांबली, तेव्हा आम्ही जुनिपरचा उकळता काढा ओतून पिंप आतून धुतले. लाकडाच्या छिद्रांत जे जिवाणू दडून बसतात, त्यांना पुरते मारणे कोणालाच शक्य नसते. जुन्या लोकांनी या अडचणीशी तडजोड कशी केली होती, हे मला यीस्टबद्दल कळल्यावर समजले. त्याबद्दल पुढे सांगतो.

माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, विषय थोडक्यात आटोपतो, कारण तिथे आमची परंपरा अपुरी आहे. पूर्वी शेतकरी स्वतःचे जव पोत्यात भरून ओढ्यात भिजत ठेवत, मग फरशीवर पसरून मोड आणत, आणि सुकवणीच्या घरात मंद आगीवर ते वाळवत. आज वॉसमध्ये बिअर करणारी बहुतेक कुटुंबे तयार फिकट माल्ट विकत आणतात. आम्हीही तेच केले. सोबत एक लहान पोते जव आम्ही ओढ्यात भिजवून, मोड आणून, वाळवून पाहिले आणि तेही त्यात मिसळले. मोड सगळीकडे सारखे आले नव्हते, धुराचा वासही जास्त लागला होता, पण दाणा दाताखाली फोडला की तो आतून भुसभुशीत आणि गोड लागत होता, म्हणजे मूळ काम साधले होते.

जुनिपरच्या बाबतीत मात्र प्रत्येकाचे मत ठाम असते. वॉसच्या पद्धतीत बिअरसाठी साधे पाणी वापरतच नाहीत. जुनिपरच्या ताज्या फांद्या गरम पाण्यात भिजवून त्याचा सोनेरी-तपकिरी काढा करतात, आणि माल्ट भिजवण्यापासून ते शेवटी धुऊन काढण्यापर्यंत सगळे त्या काढ्यातच होते. त्यातल्या राळेच्या अंशांमुळे नको असलेल्या जिवाणूंना थोडा आळा बसतो, आणि बिअरला लिंबूवर्गीय झाडाच्या कोवळ्या पाल्यासारखा, किंचित कडवट वास येतो. फांद्या उन्हाच्या उतारावरच्या असाव्यात, जाड खोडे नसावीत, हिरवी फळे फार नसावीत, असे शेजारच्या आजोबांचे म्हणणे. दुसऱ्या एका जाणकाराचे मत नेमके उलट होते, त्यांना फळे हवीच होती. एक सूचना मात्र दोघांनीही सारख्याच गांभीर्याने दिली. या किनारी भागात यू नावाचे सदाहरित झाड रानात आढळते, त्याची पाने विषारी असतात, आणि अंधुक उजेडात घाईने फांद्या तोडणाऱ्याची गल्लत होऊ शकते. जुनिपरच्या सुया बोटाला टोचतात, यूची पाने मऊ असतात. आम्ही प्रत्येक फांदी हाताळून मगच टोपलीत टाकली.

आता यीस्टकडे येतो. तांबे, लाकूड, दगड यांची दुरुस्ती पैसा आणि कारागीर मिळाले की होते. यीस्टचे तसे नाही. पश्चिम नॉर्वेतल्या शेतांवर घराण्यात चालत आलेल्या या यीस्टला क्वेइक म्हणतात. बिअर आंबून झाली की त्यातले थोडे यीस्ट काढून कापडावर वाळवायचे, किंवा पूर्वी करत तसे लाकडाच्या कड्यांची कोरीव माळ त्यात बुडवून ती टांगून ठेवायची, आणि पुढच्या सणाला तेच पुन्हा कामाला लावायचे. एखाद्या घरचे यीस्ट बिघडले तर शेजाऱ्याकडून आणायचे. आपल्याकडे विरजण संपले की वाटी घेऊन शेजारी जातात, अगदी तसाच हा व्यवहार होता, आणि त्यामुळे एका खोऱ्यातली यीस्टे परस्परांची नातेवाईक असतात. माझ्या सहकाऱ्याच्या घरचे क्वेइक केव्हाच संपले होते. त्याच्या आईला खोलीतल्या आढ्याला टांगलेली माळ आठवत होती, पण ती माळ कुठे गेली हे कोणालाच माहीत नव्हते. शेजारच्या आजोबांनी आपले क्वेइक दिले. पूर्वी या दोन घरांत देवघेव होत असे, तेव्हा हरवलेले यीस्ट आणि हे यीस्ट एकाच कुळातले असण्याची शक्यता आहे, एवढेच म्हणता येते.

क्वेइक म्हणजे नेमके काय, हे अलीकडेपर्यंत त्या खोऱ्यांबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. गार्शोल यांनी वॉसमधील एका शेतकऱ्याचे यीस्ट इंग्लंडमधील नॉर्विच येथील राष्ट्रीय यीस्ट-संग्रहाकडे पाठवले आणि तिथून या विषयाला वैज्ञानिक पाया मिळू लागला. 2018 साली कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी गार्शोल यांच्यासह निरनिराळ्या शेतांवरच्या क्वेइकचे जनुकीय विश्लेषण प्रसिद्ध केले. हे सगळे सॅकरोमायसीस सेरेव्हिसी याच जातीचे यीस्ट असले, तरी कारखान्यातल्या बिअर-यीस्टांपासून वेगळा असा त्यांचा स्वतंत्र गट पडतो, हे त्यातून दिसले. बहुतेक घरांच्या क्वेइकमध्ये एकच वाण नसून अनेक वाण एकत्र नांदतात. सर्वांत चकित करणारी गोष्ट तापमानाची आहे. एल या प्रकारच्या सामान्य बिअरचे यीस्ट 18 ते 22 अंशांवर काम करते, लागर या दुसऱ्या प्रकारचे त्याहूनही कमी तापमानात. तापमान याहून बरेच वर गेल्यास अशा यीस्टपासून रंगासारखा, सॉल्व्हंटसारखा उग्र वास येऊ लागतो. वॉसचे क्वेइक मात्र 40 अंशांच्या आसपास टाकतात, आणि ते दीड-दोन दिवसांत काम उरकून, वर संत्र्याच्या सालीचा सुगंध देऊन मोकळे होते.

रसायन अभियंता म्हणून मला हे प्रथम अविश्वसनीय वाटले. पण एल्डहूसमध्ये प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर त्यामागचा मेळ उलगडत गेला. विचार करा: सुमारे दीडशे लिटर उकळता द्रव आहे, थंड करण्यासाठी कारखान्यातली साधने नाहीत, भोवती पूर्ण निर्जंतुक करता न येणारी लाकडी भांडी आहेत. हा द्रव 20 अंशांवर येईपर्यंत रात्र जाते, आणि ती रात्र जिवाणूंची असते. 40 अंशांपर्यंत आणायचे असेल तर ओढ्याचे पाणी पुरते, काम लवकर उरकते आणि इतर कोणी जागे होण्यापूर्वी यीस्टने सगळी साखर ताब्यात घेतलेली असते. वर्षातून दोन-तीनदाच बिअर होत असल्यामुळे मधल्या महिन्यांत हेच यीस्ट वाळून, जिवंत राहिले पाहिजे. क्वेइकच्या पेशी ट्रेहॅलोज नावाची साखर मोठ्या प्रमाणात साठवतात आणि उष्णता व वाळणे या दोन्हींपासून ती पेशीचे रक्षण करते, असे पुढच्या संशोधनात दिसून आले आहे. म्हणजे ही इमारत, ही भांडी, हे ऋतू आणि हे यीस्ट शतकानुशतके परस्परांना घडवत आले. आम्ही एका कृतीचा शोध घेत निघालो होतो. हाती आला तो हा मेळ, आणि त्यातला एक घटक काढून उरलेल्यांचे पुनरुज्जीवन करता येत नाही अशी माझी खात्री झाली. दुकानातले इंग्लिश एल यीस्ट त्या पिंपात टाकले असते तर बिअर झाली असती, पण त्या इमारतीचा तिच्याशी काही संबंध राहिला नसता.

बिअरच्या दिवशी पहाटे अंधारातच चूल पेटवली. हंड्यात ओढ्याचे पाणी आणि त्यात जुनिपरच्या फांद्या दाबून भरल्या. पाणी तापत असताना दुसरीकडे गाळण्याचे पिंप तयार करायचे होते: तळाशी ऑल्डर झाडाच्या काटक्यांची जाळी, त्यावर जुनिपरच्या फांद्या एकमेकींत गुंतवून घातलेला जाड थर, आणि सगळ्यांत खाली तोटी. या थरात घाई केली तर नंतर तोटी तुंबते, म्हणून आजोबांनी स्वतः वाकून तो रचला आणि आम्हाला फक्त फांद्या हातात देण्याचे काम दिले. सुमारे 45 किलो भरडलेला माल्ट गरम काढ्यात कालवला, तेव्हा मिश्रण 68 अंशांच्या जवळ स्थिरावले. या तापमानाला धान्यातली विकरे पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. पिंपावर घोंगडी टाकून आम्ही नाश्त्याला बसलो. तासाभराने चव घेतली तर पिठूळपणा जाऊन घट्ट गोडवा आला होता.

मग तोटी किंचित उघडून वॉर्ट, म्हणजे हा गोड रस, गाळून घ्यायला सुरुवात झाली. सुरुवातीचा रस गढूळ येतो, तो पुन्हा वरून ओततात. काही वेळाने धान्याचा आणि फांद्यांचा थर मिळून उत्तम गाळणी तयार होते आणि रस स्वच्छ, लालसर दिसू लागतो. तोटीतून येणारी धार बोटाएवढीही जाड होऊ द्यायची नाही, असा दंडक होता. घाई केली तर थर दबून बसतो आणि सगळेच थांबते. आम्ही वरून गरम काढा ओतत, खालून रस घेत, दुपारपर्यंत हंडा काठोकाठ भरला.

पुढे वॉसच्या बिअरचे खास वैशिष्ट्य येते, ते म्हणजे दीर्घ उकळणे. वॉसच्या उत्तरेला असलेल्या हॉर्निन्दालकडच्या खोऱ्यांत वॉर्ट उकळतच नाहीत, तिथली बिअर दुधट आणि धान्याच्या चवीची असते. वॉसमध्ये मात्र तीन-चार तास, लाकडाच्या आगीवर, हंडा रटरटत ठेवतात. पाणी आटते, साखर दाट होते, तांब्याच्या तळाशी तिचा काही भाग करपण्याच्या बेताला येतो, आणि फिकट माल्टपासूनही गडद तांबूस, कॅरमेलच्या चवीची बिअर तयार होते. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुले, अगदी थोडे, शंभरेक ग्रॅम, कापडाच्या पिशवीत बांधून सोडले. या तासांत करण्यासारखे काम एकच असते, आग सांभाळणे, आणि ते वाटते तितके सोपे नाही: बर्चची ओंडकी एकदम जास्त घातली की हंडा उतू जातो, कमी घातली की उकळी बसते. एल्डहूसमध्ये धुराने डोळे चुरचुरत होते, बाहेर पाऊस होता, आणि वॉसमध्ये पावसाची तक्रार करण्याला काही अर्थ नसतो.

उकळणे संपल्यावर रस दुधाच्या जुन्या अॅल्युमिनियमच्या कॅनमध्ये भरून ते कॅन ओढ्यात उभे केले. ओढ्याचे पाणी हिमनदीच्या वितळण्याइतके थंड नसले तरी त्याच्या जवळपास होते, आणि कॅन हलवत राहिल्यामुळे तापमान भराभर उतरले. आजोबांनी थर्मामीटरकडे न बघता एका कॅनमध्ये बोट घातले आणि आता आणा, असे सांगितले. माझ्या थर्मामीटरवर 39 अंश होते. ताज्या काढलेल्या दुधाइतके कोमट, हे या भागातले जुने माप आहे.

यीस्ट आदल्या दिवशी थोड्या रसात जागे करून ठेवले होते. वाळलेल्या बेज रंगाच्या पापुद्र्यांतून काही तासांत फेस उठू लागला होता. ते पिंपात ओतताना काही खोऱ्यांत जोरात किंचाळण्याची प्रथा आहे. त्यामुळे बिअर जोमदार होते किंवा वाईट शक्ती पळतात, अशी त्यामागची समजूत. आजोबांच्या घरी ती प्रथा नव्हती, परंतु सहकाऱ्याच्या लहान मुलीने कुठेतरी ते ऐकले होते आणि तिने संधी सोडली नाही. पिंपावर झाकण, त्यावर लोकरीच्या घोंगड्या. रात्री उशिरा झाकण उचलून पाहिले तेव्हा वर पांढरा फेस दाटला होता.

सुमारे चाळीस तासांनी आम्ही बिअर काढली. यीस्ट कुठून घ्यायचे, याबद्दल घराघरांत फरक आहे. काही कुटुंबे वर आलेला फेस काढतात, काही तळाचा गाळ घेतात, आणि पिढ्यानपिढ्या जो जिथून घेतो त्याच्या यीस्टचा स्वभाव त्यानुसार बदलत जातो, कारण दरवेळी आपण नकळत त्यातल्या काही वाणांचीच निवड करत असतो. आम्हाला ज्यांनी यीस्ट दिले त्यांचीच पद्धत आम्ही पाळली आणि तळाचे घेतले. बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात काढण्याच्या दिवशी शेजाऱ्यांनी जमण्याची रीत आहे. तिला वॉसमध्ये ओप्स्कोका म्हणतात, आणि आमंत्रण द्यावे लागत नाही, कारण एल्डहूसच्या धुराड्यातून धूर निघालेला सर्वांनी पाहिलेला असतो. बिअर अजून कोमट होती, तिच्यात वायू जवळजवळ नव्हता, अंगात आठ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होते, आणि संत्र्याची साल, राळ आणि भाजलेली साखर यांची चव एकामागोमाग येत होती. बाटलीतल्या थंडगार, फसफसत्या बिअरची सवय असलेल्यांना ती पहिल्या घोटाला सुस्त वाटते. मला ती दुसऱ्या पेल्यापासून आवडू लागली. आजोबांनी पेला उजेडात धरून पाहिला, घोट घेतला, आणि जुनिपर थोडा कमी पडला आहे असे सांगून पेला पुन्हा पुढे केला.

ही बिअर विकता येईल का, असे आता बरेच लोक विचारतात. नॉर्वेत स्वतःच्या घरासाठी बिअर करायला परवानगी लागत नाही. विक्री करायची तर मात्र उत्पादनाचा परवाना, अबकारी कर आणि अन्नसुरक्षेचे नियम हे सगळे येते, आणि 4.7 टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेली बिअर किराणा दुकानात ठेवता येत नाही, ती साधारणपणे व्हिनमोनोपोलेट या सरकारी दुकानांतून विकली जाते. काही शेतांनी हा मार्ग यशस्वीपणे घेतला आहे आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. हॉर्निन्दालमध्ये 2016 पासून अशा पारंपरिक बिअरचा महोत्सव भरतो, त्यामुळे लोकांची जिज्ञासाही वाढली आहे. दुसरीकडे वॉसचे क्वेइक आता पाकिटात वाळवून जगभर विकले जाते, आणि भारतातल्या लहान ब्रुअरीही ते मागवू शकतात. पाकिटातले यीस्ट चांगले काम करते, पण ते बहुधा एकाच निवडलेल्या वाणाचे असते. घरच्या क्वेइकमधल्या इतर वाणांची वर्दळ त्यात नसते. माझ्या सहकाऱ्याने विकायचे नाही असे ठरवले. नाताळ, एखादे लग्न, कोणाचा पन्नासावा वाढदिवस, एवढ्यासाठी ती पुरेल.

यीस्टचे आम्ही तीन भाग केले. एक त्याच्या फ्रीझरमध्ये आहे, एक आजोबांकडे परत गेला, आणि एक बर्गनमध्ये माझ्या फ्रीजमध्ये, दुसऱ्या कशालाही धक्का लागणार नाही अशा डब्यात. एका घरी काही बिघडले तर दुसऱ्या घरातून आणता यावे, हा जुन्या पद्धतीचाच भाग आहे. पुढच्या खेपेला जुनिपर वाढवायचा आणि उकळण्याचा काळ अर्ध्या तासाने कमी करून पाहायचा, यावर चर्चा चालू आहे. आजोबांचा त्या दुसऱ्या सूचनेला विरोध आहे आणि बहुधा त्यांचेच ऐकले जाईल. शेताच्या दक्षिणेकडच्या लहान तुकड्यात यंदा जव पेरले आहे. कापणीनंतर पोती ओढ्यात टाकण्याआधी सुकवणीच्या घराचे छप्पर नीट करावे लागेल, आणि त्यासाठी लागणाऱ्या वॉसच्या जुन्या स्लेटच्या पाट्या खोऱ्यात कोणाकडे पडून आहेत, याची चौकशी सहकाऱ्याने सुरू केली आहे.